आगगाडीचा डबा आणि गिरगावचं थिएटर

श्रोतेहो, नमस्कार, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रीतीप्रमाणे सलाम.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश, असं पुष्कळांना वाटतं. पण नगर जिल्ह्यात आमच्या मंडळ्या गावोगाव विखुरलेल्या आहेत. नेवासा, शेवगाव, राहुरी… आठवड्याचा बराचसा वेळ एसटीतच जातो. कुठे आजाऱ्यासाठी प्रार्थना, कुठे सोयरीक, कुठे मयत. अशा प्रवासात मला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हटकून आठवतात, कारण त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते प्रवासातच. नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता विषय धर्माकडे वळला आणि त्या गृहस्थांनी बायबलमधल्या नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळक वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता दुसरे गृहस्थ. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब फाळके. 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा आला, त्याच्या दोनतीन वर्षं आधी गिरगावातल्या एका थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या मनासमोर मात्र गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, या ध्यासानं त्यांना झोप येईना. मला कुणी कुणी विचारतात, पाळकसाहेब, ख्रिस्त पाहून ते कृष्णाकडे गेले याची तुम्हाला रुखरुख नाही का वाटत? अजिबात नाही. एका माणसाच्या मनात आपल्या देवाविषयीचं प्रेम उफाळून यावं आणि त्याला निमित्त माझा प्रभू व्हावा, यात मला आनंदच आहे.

पण श्रोतेहो, या दोघांपेक्षा माझं मन जास्त रेंगाळतं ते त्यांच्या घरात. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पदरात लहान मूल घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. बातमी कळली तेव्हा त्यांचं काय झालं, हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं लगेच सुटलं नाही. टिळकांनीही बळजबरी केली नाही. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानं. जात माणसानं केली, देवानं नव्हे, हे त्यांना आतून पटलं तेव्हा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अपुरं राहिलं, ते पुढे नेलं तेही या बाईंनीच.

आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! सिनेमासाठी अंगावरचे दागिने त्यांनी दिले. फिल्मच्या कडेला भोकं पाडायला बसल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. आजच्या सिनेमाच्या शेवटी शेकडो नावं सरकत जातात. या बाईंचं नाव पडद्यावर यायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूचे दोन शिष्य अम्माऊस गावाकडे चालले आहेत. पुनरुत्थित येशू त्यांच्याबरोबर चालतो, शास्त्र उलगडून सांगतो. त्यांची अंतःकरणं आतल्या आत पेटतात, तरी तो कोण हे त्यांना कळत नाही. संध्याकाळ होते, ते त्याला आग्रहानं घरात नेतात. तो भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. तिथे, जेवायला बसल्यावर, त्यांचे डोळे उघडतात. या वचनांवर मी अनेकदा उपदेश केला आहे आणि दर वेळी मला लक्ष्मीबाईंची चूल दिसते.

माझ्याही घरी वेगळं नाही. रात्री-बेरात्री कुणी मंडळीतलं दार ठोठावतं, तेव्हा आधी उठते ती माझी पत्नी. चहाचं आधण ठेवते, आलेल्या बाईजवळ बसते. मी प्रार्थना करून निघून जातो, तिचं बसणं मात्र पुढे तासभर चालतं.

शुभ शुक्रवारच्या आठवड्यात आम्ही गावात मंदिराच्या भिंतीवर पडदा लावून येशूच्या जीवनावरचा सिनेमा दाखवतो. सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. गेल्या खेपेला एक म्हातारी आजी आली. तिनं चपला लांब काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि पडद्याला हात जोडून मगच सतरंजीवर टेकली. खिळे ठोकतानाचं दृश्य आलं तशी शेजारच्या पोरीला म्हणाली, “त्याची आई कुठंय गं?” साऱ्या गर्दीत मरियेला शोधणारी ती एकटीच होती.

यंदा सिनेमाआधी माझी पत्नी ‘स्मृतिचित्रे’तली काही पानं वाचून दाखवणार आहे. आमच्या भागात कुणी असाल, तर घरच्यांना घेऊन या. सतरंज्या भरपूर आहेत.

नमस्कार.