पावापासून पोर्तुगीज

नमस्कार, श्रोतेहो. ब्राझीलमधल्या कुठल्याही शहरात सकाळी सहा-सातच्या सुमारास 'पादारिया'त, म्हणजे बेकरीत, रांगेत उभे राहिले की पोर्तुगीज भाषेचा पहिला धडा तिथेच मिळतो. पुढचे गिऱ्हाईक म्हणते, "सेइस पाँइझिन्युस, पोर फावोर", म्हणजे कृपा करून सहा पाव द्या. एक असला तर 'पाँउ', अनेक असले तर 'पाँइस', आणि लाडाने छोटे रूप केले की 'पाँझिन्यु'. आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्या स्वयंपाकघरात आला. मात्र येताना त्याचा नाकातला उच्चार गळून पडला. शिकणाऱ्याने तो आधी परत मिळवावा, कारण अनुनासिकाशिवाय 'पाउ' म्हटले तर त्याचा अर्थ लाकूड किंवा काठी असा होतो. याच पावाला साओ पाउलोमध्ये 'फ्रेंच पाव', मिनास जेराइसमध्ये 'मिठाचा पाव' आणि फोर्तालेझामध्ये 'कारिओकिन्या' म्हणतात. 2022च्या जनगणनेनुसार सुमारे 20 कोटी 30 लाख लोकांच्या त्या देशात एका पावाची इतकी नावे असावीत, याचे मला नवल वाटत नाही. आपल्याकडे भाकरीचे उच्चार तरी कुठे एक आहेत!

गोव्यात पोर्तुगीजचे जे शिक्षण मिळते, ते मुख्यतः पोर्तुगालच्या वळणाचे असते. त्या वळणाने न्याहारीला 'पेकेनु-आल्मोसु', म्हणजे 'छोटे जेवण', म्हणतात. ब्राझीलमध्ये तीच न्याहारी 'काफे दा मान्याँ', म्हणजे 'सकाळची कॉफी', होते. पुस्तकातले 'एस्ता' बोलताना नुसते 'ता' उरते, 'व्होसे' म्हणजे 'तुम्ही' याचे घाईत 'से' होते, आणि 'आम्ही' म्हणायचे तर लोक सर्रास 'आ जेंची' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'लोक' असा असून क्रियापद मात्र एकवचनी येते. व्याकरण पाठ केलेला माणूस अशा वेळी गोंधळतो, आणि तो गोंधळ रोजचे बोलणे कानावर पडूनच सुटतो. ब्राझील सरकारची 'सेल्पी-ब्रास' ही प्राविण्य परीक्षा 1998पासून घेतली जाते. तिच्यात व्याकरणाचे वेगळे प्रश्न विचारत नाहीत. उमेदवाराने चित्रफीत पाहून, ध्वनिफीत ऐकून आणि मजकूर वाचून पत्र किंवा लेख लिहायचा असतो आणि समोरासमोर बोलायचे असते. मला ही पद्धत अत्यंत योग्य वाटते.

मराठी माणसाला सर्वांत गोड वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, भीती वाटते; प्रत्येक जाणिवेला आपण निराळे क्रियापद जोडतो. ब्राझीलचा माणूस या सगळ्यांसाठी 'कोँ', म्हणजे 'सोबत', हा एकच शब्द वापरतो. 'एस्तो कोँ फोमी' म्हणजे मी भुकेसोबत आहे, 'कोँ फ्रिउ' म्हणजे थंडीसोबत, 'कोँ सोनु' म्हणजे झोपेसोबत. दूर गेलेल्या माणसाची आठवण येऊन जीव व्याकूळ होतो तेव्हाही तो म्हणतो, 'एस्तो कोँ साउदाजी', मी त्या ओढीसोबत आहे. 'साउदाजी'चे भाषांतर करण्यासाठी पुष्कळांनी डोके खाजवले आहे. माझे मत असे की आधी हे 'सोबत' अंगवळणी पडावे, मग अर्थ आपोआप उलगडतो.

काही शब्दांचे मूळ पोर्तुगालमध्ये शोधून सापडणारच नाही. 'शेंडेफळ' या अर्थाचा 'कासुला' हा शब्द गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या किंबुंदू भाषेतून आला, तर 'काजू' हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतला. काजूचे झाड ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याकडे आणले आणि कोकणाने ते आपलेसे केले. ब्राझीलमध्ये मात्र 'काजू' म्हणजे बोंडू. बी हवी असेल तर 'कास्तान्या जी काजू' असे मागावे लागते. नुसता 'सुकु जी काजू' मागितला की बोंडूचा रस समोर येतो.

बाहिया राज्यातल्या साल्वादोर शहरात पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका रस्त्याच्या कडेला 'आकाराजे' तळतात. त्यांच्या या व्यवसायाला 2005मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. चवळी भिजवून, साले काढून, वाटून, कांदा घालून ते पीठ लाकडी डावाने खूप फेसतात आणि 'देंदे' नावाच्या लालसर ताडतेलात त्याचे वडे सोडतात. वडा मधोमध चिरून त्यात 'वातापा' नावाचे दाट सारण आणि सुकी कोळंबी भरण्यापूर्वी बाई विचारते, "केंची?" शब्दकोशात 'केंची' म्हणजे गरम; पण वडा तर कढईतून नुकताच निघालेला असतो. ती विचारत असते ते मिरचीबद्दल. ज्याला हे ठाऊक नाही तो आनंदाने हो म्हणतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. ज्याचा कान तयार झाला आहे तो म्हणतो, "सो उँ पोकिन्यु", अगदी थोडीशी. आणि त्या 'पोकिन्यु'च्या शेवटी बेकरीतल्या 'पाँझिन्यु'मधला तोच लाडका 'इन्यु' असतो.