ॲक्सिडेंटचा क्लेम लावला की समोरचे काय काय बोलतात

मंडळी, भरपाईची रक्कम कशी काढतात ते आज मी बोलणार नाही, तो वेगळा विषय आणि त्यात आकडेमोड जास्त. आज फक्त समोरच्या बाजूचं. तुम्ही पणजीला किंवा मडगावला ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली क्लेम लावला की ड्रायव्हर, गाडीमालक आणि इन्शुरन्स कंपनी आपापलं लेखी उत्तर देतात आणि ते वाचून घरचे गारठतात, कारण त्यात सगळंच नाकारलेलं असतं, अपघात झालाच नाही, झाला असेल तर आमच्या गाडीने नाही, आमच्या गाडीने असेल तर चूक जखमीची. ती लिहायची रीतच आहे हो. तुम्ही एवढंच बघायचं की यातला कुठला मुद्दा तुमचे पैसे कमी करणारा आहे आणि कुठला नुसता पैसे कोणी द्यायचे यावरचा त्यांचा आपसातला वाद आहे.

पैसे कमी करणारा मोठा मुद्दा म्हणजे कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स, तुमचीही थोडी चूक होती असं. हिशेब १० लाखांचा झाला आणि तुमची चूक ३० टक्के ठरली तर हातात ७ लाख. म्हणून ते लोक पंचनाम्याचा स्केच घेऊन बसतात, काच कुठे पडली, ब्रेकच्या खुणा कुठल्या बाजूला, आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, वळणावर जागाच नसते, त्यामुळे दोन्ही गाड्या मध्यावर आल्या असं म्हणणं फार सोपं जातं.

पण एक लक्षात ठेवा, नियम मोडला म्हणजे आपोआप चूक ठरत नाही, त्या मोडण्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला हे दिसलं पाहिजे. एका मोटरसायकलवर तिघे होते म्हणून हायकोर्टाने १० टक्के कापलेले, ते २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने मोहम्मद सिद्दीक केसमध्ये परत दिले, कारण मागून कारने ठोकलं होतं, त्यात तिसऱ्या माणसाचा काय संबंध? जखमीकडे लायसन नव्हतं तरी तेच, २००८ चा सुधीर कुमार राणाचा निकाल आहे. हेल्मेटचं पण मी असंच मांडतो, डोक्याला मार असेल तर वाद होऊ शकतो, पण पाय मोडलाय आणि समोरचा वकील हेल्मेट हेल्मेट करतोय याला काही अर्थ नाही. (चलन वेगळं हं, ते भरावंच लागतं.)

आणि पायलटच्या, म्हणजे आपल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलेल्या गिऱ्हाइकाची चूक कशी काढणार? दोन गाड्यांची टक्कर झाली, दोघेही चुकले, तर मागे बसलेला माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, २०१५ मध्ये खेन्येई केसमध्ये तसं ठरलंय, मग त्या दोघांनी आपसात वाटून घ्यावं.

जखमी दारू पिऊन गाडी चालवत होता, हा मुद्दा गोव्यात हमखास येतो. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. केस पेपरवर नुसतं 'दारूचा वास' लिहिलंय आणि रक्त तपासलेलंच नाही तर मी त्यावर जोरात भांडतो.

आता मुदत. अपघातापासून सहा महिन्यांत क्लेम लावायचा असं १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आलंय. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर बसू नका, जखमी माणूस बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट असतानाच घरच्या कुणीतरी कागद जमवायला घ्या. एफआयआर उशिरा झाली एवढ्यावरून मात्र क्लेम जात नाही, २०११ चा निकाल आहे, माणूस आधी हॉस्पिटलात धावणार की पोलीस स्टेशनात?

यापुढचे मुद्दे इन्शुरन्स कंपनीचे आणि खरी मारामारी इथेच. ड्रायव्हरचं लायसन नव्हतं, बोगस होतं, परमिट नव्हतं. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून सूत्र असं की मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि सिद्ध केलं तरी बऱ्याचदा कोर्ट म्हणतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे तो वाद तुमच्या डोक्यावरून जातो. छोट्या टेम्पोवर एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन चालत नाही हा मुद्दा तर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने जवळपास संपवलाच, साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला तेच लायसन चालतं.

आपल्याकडे खरा घोळ रेंटच्या बाईकचा. काळी पाटी पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने द्यायला नोंदलेली, असेल तर ठीक, पण सीझनला शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर पण पर्यटकाला भाड्याने जाते. तिने कुणाला ठोकलं की कंपनी म्हणते खासगी गाडी भाड्याने चालवली, पॉलिसीची अट मोडली, आणि हा बचाव कायद्यातच दिलाय. जखमीला कदाचित आधी मिळतील, पण नंतर वसुली शेजाऱ्याकडून. दिवसाच्या भाड्यासाठी घर पणाला लावणं हे मला तरी पटत नाही.

अजून एक, फक्त थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानापुरती, असेल तर तुमच्याच स्कूटरवर मागे बसलेली बायको त्यात येत नाही, बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. आज घरी जाऊन पॉलिसी काढून बघा.

मघाशी एका काकांनी विचारलं, स्कूटर विकली, पैसे घेतले, स्टॅम्प पेपर पण केला, पण आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, अजून माझ्याच नावावर आहे, आता ॲक्सिडेंट झाला तर? काका, तुम्हीच मालक. २०१८ मध्ये नवीन कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, रजिस्टरवर ज्याचं नाव तो जबाबदार, 'मी कधीच विकली' हा बचाव चालत नाही. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० घ्या, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते दिवस गेले असतील तरी उद्याच जा, आणि घेणाऱ्याला सोबत न्या.