दूधगंगेच्या पुलावर बदलणारं वय

अध्यक्षमहाशय आणि माझ्या वडीलधाऱ्या मंडळींनो,

बोलण्याआधी एक विचारतो. बसप्रवासासाठी आज कुणी कुणी ओळखपत्र जवळ ठेवलंय? हात वर करा. जवळजवळ सगळेच. कुणाकडे आधार, कुणाकडे ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड, कुणाच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली झेरॉक्स. आता या सगळ्याच्या जागी स्मार्ट कार्ड आणायचं बोलणं चाललंय. माझा त्याला विरोध नाही. पण ते आपल्या भागात कसं यावं, हे आपणच सांगायला हवं.

बेळगावहून कोल्हापूरला निघालेला 76 वर्षांचा माणूस डोळ्यासमोर आणा. कर्नाटकात साठीनंतर तिकिटात 25 टक्के सवलत. निपाणी गेली, कोगनोळी गेली, दूधगंगेचा पूल ओलांडला की ती संपली. पलीकडे एसटीत 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, आणि 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. पण तीही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. बायकांना इथे कर्नाटकात 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत साध्या बसचा प्रवास मोफत आहे, मात्र आंतरराज्य गाडीला तो लागू नाही. म्हणून आपल्या कितीतरी म्हाताऱ्या बाया निपाणीला उतरतात, पिशव्या सांभाळत स्टँडवर थांबतात आणि दुसरी गाडी धरतात. लेक कागलला दिलेली असते, बहीण गडहिंग्लजला. गुडघे तेच, वय तेच, नाती तीच. पूल ओलांडला की हिशेब तेवढा बदलतो.

आता कार्डाकडे येतो. 4 मार्च 2019 रोजी देशासाठी एक सामायिक प्रवासी कार्ड सुरू झालं. मेट्रो असो की बस, एकच कार्ड चालावं ही कल्पना. आपल्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक, पैसे कार्डातल्या चिपवरच असतात, त्यामुळे मशीनला त्या क्षणी रेंज नसली तरी भाडं कापलं जातं. जांबोटी, कणकुंबीकडे जाणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दुसरं, त्याच चिपवर वेगवेगळ्या परिवहन संस्थांचे पास आणि सवलती ठेवायला स्वतंत्र जागा असते. म्हणजे हुबळीच्या महामंडळाची सवलत आणि मुंबईच्या महामंडळाची सवलत एका कार्डात शेजारी शेजारी बसू शकतात. यंत्राला अडचण नाही. अडचण आहे ती दोन सरकारांनी एकत्र बसण्याची.

आणि ती काही नवी गोष्ट नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 88 खाली राज्यं आपसात करार करतात. कोणत्या मार्गावर कुणाच्या किती गाड्या, किती फेऱ्या, ते त्यात ठरतं. त्याच करारात ज्येष्ठांच्या सवलतीचा एक परिच्छेद घाला, एवढंच आपलं म्हणणं आहे.

ओघात आलं म्हणून सांगतो. शून्य रुपयांचं तिकीट मिळत असेल तरी ते मागून घ्या. ‘फुकटच हाय न्हवं, तिकीट कशाला?’ असं म्हणू नका. सरकार महामंडळाला भरपाई देतं ती या तिकिटांच्या हिशेबावर. तिकीट फाडलं नाही तर तुमचा प्रवास झालाच नाही असं धरलं जातं, आणि उद्या फेरी कमी करताना तोच आकडा पुढे येतो.

आता जे सांगणार आहे ते मला झोपू देत नाही. आमच्या वडगावातल्या एका आज्जींना घेऊन मी कार्डाच्या नोंदणीला गेलो होतो. चाळीस वर्षं मागावर बसलेल्या बाई. ऑपरेटरने काच पुसली, त्यांचा अंगठा दाबून धरला. जुळला नाही. ओल्या फडक्याने बोट पुसलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आज्जींनी स्वतःच अंगठा पदराला घासला आणि म्हणाल्या, ‘मास्तर, सुतानं खाल्ल्यात रेघा.’ त्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं याहून वेगळी नाहीत. बोट उठलं नाही तर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा जन्मतारखेच्या साध्या कागदावरून कार्ड मिळालंच पाहिजे, आणि हे केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात, कन्नडबरोबर मराठीतही लिहिलेलं हवं. घटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा आपल्याला हक्क आहे. तो वापरा.

घाई का, असं कुणी विचारेल. रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 पुढच्या बायकांना 50 टक्के सवलत होती. 20 मार्च 2020 ला ती थांबली. साथ ओसरली, गाड्या भरून धावू लागल्या, तरी सवलत काही परत सुरू झाली नाही. आदेशाने मिळालेलं आदेशानेच जातं. करारात लिहिलेलं काढायला निदान दोघांना बसावं लागतं.

मागच्या टेबलावर निवेदन ठेवलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन्ही राज्यांच्या परिवहन मंत्र्यांना ते जाईल. चहा घेण्याआधी सही करा. ज्यांना सही जमत नाही त्यांनी अंगठा उठवा. पुसट उठला तर शेजारी साक्षीदार म्हणून मी सही करतो.