वाढदिवसाला संपणारं कार्ड

नमस्कार मंडळी! डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन, गाडीत असाल नाहीतर पोळ्या लाटत असाल, आवाज जरा वाढवा, कारण आज मी माझाच गाढवपणा सांगणार आहे.

माझ्याकडे टेक्ससचं हँडगनचं परमिट आहे. लायसन्स टू कॅरी, इथे सगळे एलटीसीच म्हणतात. आता काही जणींच्या भुवया वर गेल्या असतील, कुडाळची बाई आणि पर्समध्ये पिस्तूल? अहो, कुडाळच्या बाईला बंदुकीचं कसलं नवल! आमच्या माजघरात ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची, माकडं-डुकरं हाकलायला, आणि निवडणूक लागली की बाबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस स्टेशनात जमा करायचे, निकालानंतर परत आणायचे. लायसनचं बुक आईच्या ताब्यात, रिन्यूची तारीख तिला तोंडपाठ. तर अशा आईची मी लेक.

झालं काय, टेक्ससमध्ये हे लायसन्स तुमच्या वाढदिवसाला संपतं. ड्रायव्हिंग लायसन्सही वाढदिवसालाच. दोन्ही कार्डं डीपीएसची, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याची, माझ्या पाकिटात एकामागे एक खोचलेली. गेल्या वर्षी मी पुढचं रिन्यू केलं आणि डोक्यात बसलं की डीपीएसचं काम संपलं! मागचं कार्ड बाहेर काढून बघितलंच नाही. मग एका रविवारी दुकानाची पावती शोधताना ते हाताला लागलं, उलटसुलट करून बघितलं, वाढदिवसाला राहिले होते १९ दिवस.

आता म्हणाल, नोटीस येत नाही का? येते की. लायसन्स संपायच्या निदान ६० दिवस आधी डीपीएसने नोटीस पाठवायची असा कायदाच आहे. पण ती जाते त्यांच्याकडे असलेल्या पत्त्यावर, आणि त्यांच्याकडे होता आमचा जुना अपार्टमेंटचा पत्ता, जिथून आम्ही दोन वर्षांपूर्वी निघालो. घर बदललं की ३० दिवसांत कळवायचं असतं, हे लायसन्सच्या क्लासमध्ये सांगितलं होतं, मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं, वही कुठे आहे ते विचारू नका. ड्रायव्हिंग लायसन्सचा पत्ता बदलला म्हणजे याचाही आपोआप बदलला असं धरून चालू नका, एवढंच सांगते.

घरात हे बोलले तर आमचे अहो म्हणाले, कशाला एवढी धावपळ, आता परमिट लागतच नाही ना. खरंय त्यांचं, अर्धं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने गन बाळगायला बंदी नसलेल्या माणसाला परमिटशिवाय हँडगन बरोबर ठेवता येते. पण परमिट बंद झालेलं नाही, आणि त्याचे फायदे नेमके ते संपल्यावर कळतात.

आमचं घर मुलाच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर. केंद्र सरकारचा कायदा म्हणतो की शाळेपासून १००० फुटांच्या आत गन न्यायची नाही, आणि त्यातून सूट आहे ती त्या राज्याचं लायसन्स असणाऱ्यांना. टेक्ससने विनापरमिट परवानगी दिली म्हणून वॉशिंग्टनच्या कायद्यात तुमच्याकडे लायसन्स आहे असं होत नाही. घरात ठेवलीत तर प्रश्न नाही, खाजगी जागेला सूट आहे, पण रोज सकाळी मुलाला सोडायला जाताना गाडीत भरलेली गन असेल आणि कार्ड कालच एक्स्पायर झालं असेल, तर? माझ्या पोटात गोळा आला तो यानेच. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत आपली मंडळी कार्ल्सबॅडच्या गुहा बघायला, सांता फेला जातात. न्यू मेक्सिकोत टेक्ससचं लायसन्स चालतं, पण लायसन्स नसेल तर भरलेली गन कपड्यांखाली लपवून गाडीबाहेर फिरता येत नाही. (कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत कार्ड असलं तरी चालत नाही, एडिसनला बहिणीकडे जाताना गन घरीच ठेवा.) आणि दुकानातून नवी घेताना चालू एलटीसी दाखवलं की दुकानदाराचा बॅकग्राउंड चेकचा तो फोन वाचतो.

हे लायसन्स आलं कुठून, तर १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीनमधल्या लूबीज कॅफेटेरियात एकाने २३ माणसं मारली. सुझाना ग्रॅशिया हप आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या, त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा बरोबर बाळगणं बेकायदा होतं. आईवडील दोघंही गेले. पुढे १९९५ ला लायसन्स घेऊन हँडगन बाळगू देणारा कायदा झाला, सही जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची, तेव्हा ते टेक्ससचे गव्हर्नर होते. त्या घटनेवरून काय धडा घ्यायचा यावर इथे अजून भांडणं होतात, आमच्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा.

रिन्यू करणं मात्र अगदीच किरकोळ निघालं. ऑनलाइन फॉर्म, कायद्याची माहिती वाचली असं कबूल करायचं, फी ४० डॉलर, २०१७ च्या आधी ती ७० होती. परत क्लास नाही, परत रेंजवर नेमबाजी नाही, २०१३ पासून ती कटकट गेली. मला विचाराल तर नेमबाजी ठेवायला हवी होती, पाच वर्षांत हात गंजतो, पण मला कोण विचारतंय! फक्त अर्ज टाकायच्या आधी स्वतःचं रेकॉर्ड आठवा: डीडब्ल्यूआयमध्ये, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याबद्दल, शिक्षा झाली असेल तर पाच वर्षं अपात्र, आणि मुलांच्या पोटगीचे हप्ते किंवा राज्याचा टॅक्स थकला असला तरी अडतं.

आणि एच-वन व्हिसावरच्या मुलामुलींनो, ग्रीन कार्डच्या रांगेत बारा-बारा वर्षं झाली तरी तुम्ही नॉनइमिग्रंटच, म्हणजे कायद्याच्या लेखी तात्पुरते आलेले. काही ठरावीक अपवाद सोडले तर केंद्राच्या कायद्याने तुम्हाला गन बाळगायलाच मनाई आहे, तिथे टेक्सस काय म्हणतं याला काही अर्थ नाही. मित्राबरोबर मजेत रेंजवर जायचं असलं तरी आधी वकिलाला विचारा, फेसबुकला नको.

माझं नवं कार्ड वाढदिवसानंतर नऊ दिवसांनी आलं. ते नऊ दिवस गन तिजोरीत, मी मुलाला चालत शाळेत सोडत होते, आणि मुलाला वाटलं आईने वाढदिवसाला वजन कमी करायचं ठरवलंय. आता एक गाणं लावते, ते संपेपर्यंत पाकीट काढा आणि मागचं कार्ड बघा.