तुगायाचं पितळ

फिलिपिन्स म्हणजे चर्च आणि स्पॅनिश आडनावं, हा आपला समज मिंदानाओ बेटावर पोचलं की टिकत नाही. तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर लानाओ सरोवर आहे आणि त्याच्या काठाने मारानाओ लोक राहतात. धर्माने मुसलमान. स्पेनला हा मुलूख कधी पुरता ताब्यात ठेवता आला नाही. सरोवराच्या पश्चिम काठावर लानाओ देल सूर प्रांतातली तुगाया ही छोटी नगरपालिका आहे. आज तिच्याविषयीच बोलायचं आहे.

फोटो काढावा अशी एखादी भव्य वास्तू शोधत तिथे जाल, तर हिरमोड होईल. गावाची ख्याती आहे ती हाताच्या कामासाठी. कुणी पितळ ओततं, कुणी लाकूड कोरतं, कुणी पेट्यांवर शिंपल्याचं जडावकाम करतं, कुठे मागावर मालोंग, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं नळीसारखं शिवलेलं वस्त्र, विणला जातो.

ओतकामाची रीत बघा. भांड्याचा आकार आधी मेणात घडवायचा, त्यावर मेणातच नक्षी उठवायची. मग मातीचे थर चढवून सगळं झाकून टाकायचं. वाळल्यावर साचा तापवला की मेण वितळून निघून जातं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. पितळ बरंचसं भंगारातलं. गार झालं की साचा फोडायचा. म्हणजे तोच साचा पुन्हा वापरणं नाही. पुढच्या भांड्याला पुन्हा मेणापासून सुरुवात.

नक्षीला ते ओकिर म्हणतात. नेच्याचे वळलेले कोवळे कोंब, वेली, पानं. जिवंत प्राणी दाखवायला इस्लाममध्ये संकोच, तरी नाग आहेच. फक्त वेलीत इतका मिसळलेला, की कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय सापडत नाही. चोचीत मासा धरलेला सारिमानोक पक्षी मात्र मुळीच लपत नाही.

नाग बघून आपले कान टवकारतात, ते बरोबरच आहे. हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकाने १९६० च्या दशकात मारानाओंची ‘महारादिया लावाना’ ही कथा उजेडात आणली. लावाना म्हणजे आपला रावण, पण तोंडं आठ! शिवाय ‘दारांगेन’ हे त्यांचं स्वतःचं महाकाव्य आहे: १७ भाग, ७२,००० ओळी. त्याला युनेस्कोची मान्यता २००५ मध्येच मिळाली.

तुगायाचं तसं नाही. ही वस्ती २००६ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि तिथेच राहिली. कागदावर याला अडचण म्हणता येईल. मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. गादोर नावाचे उंच पितळी कलश हे मारानाओ घरात प्रतिष्ठेचं सामान. लग्नाच्या देण्याघेण्यातही पितळेला मान. तेव्हा हे काम टिकलं ते गिऱ्हाइकामुळे, आणि मोठं गिऱ्हाईक सरोवराच्या उत्तर काठावरच्या मरावी शहरात. २३ मे २०१७ रोजी तिथे सरकारी फौज आणि इस्लामी बंडखोर यांच्यात लढाई पेटली, पाच महिने चालली, शहराच्या मध्यभागाची राखरांगोळी झाली. पादियान हा जुना बाजार त्याच भागात होता. लढाई मरावीत झाली, पण माल कुठे विकायचा हा प्रश्न तुगायाच्या कारागिरांपुढे येऊन उभा राहिला. त्यामुळे कुणी तुगायाच्या जतनाचा आराखडा माझ्यापुढे ठेवला, तर मी पहिल्यांदा त्यात मरावीच्या बाजाराचं पान शोधेन.