प्रतिद्रव्य गेलं कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे कण-त्वरकांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो, ‘एवढ्या मोठ्या यंत्रातून अखेर मिळालं काय?’ आणि उत्तर बहुधा हिग्ज बोसॉनपाशी, मूलभूत कणांना वस्तुमान मिळण्याशी जोडलेल्या त्या कणापाशी येऊन थांबतं. 4 जुलै 2012 ला त्याच्या शोधाची घोषणा झाली, पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालं. त्याचं मोल मोठं आहेच. पण आज मी बोलणार आहे ते दुसऱ्याच एका कोड्याबद्दल. माझ्या मते ते हिग्जपेक्षाही जास्त अस्वस्थ करणारं आहे. आपण अस्तित्वात आहोत, हेच मुळात हिशोबात बसत नाही.

1928 मध्ये पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनसाठी एक समीकरण मांडलं. त्यातून एक अनपेक्षित पाहुणा निघाला. वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच, विद्युतभार मात्र उलटा. 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांना अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करताना तो कण खरोखर सापडला. पॉझिट्रॉन. अशा उलट्या जोडीदाराला प्रतिकण म्हणतात आणि प्रतिकणांच्या द्रव्याला प्रतिद्रव्य. पेट स्कॅनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ती तपासणी याच कणावर चालते. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्र टिपतं ते हे किरण.

प्रोटॉनचा असा जोडीदार मिळवायला मात्र त्वरकच लागला. कारण तो घडवायला खूप ऊर्जा लागते. अमेरिकेतल्या बर्कलीच्या बेव्हाट्रॉन या त्वरकात 1955 साली प्रतिप्रोटॉन तयार झाला. कोड्याची गोम इथंच आहे. ऊर्जेतून प्रोटॉन घडला की सोबत प्रतिप्रोटॉनही घडतो. एकटा कोणी येत नाही. मग महास्फोटानंतरच्या त्या धगधगत्या विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच तयार झालं असणार, एकमेकांना भेटून संपलं असणार आणि मागे जवळजवळ नुसता प्रकाश उरायला हवा होता.

प्रकाश उरलाच. विश्वाच्या बाल्यावस्थेतलं ते प्रारण आजही सगळीकडून आपल्यापर्यंत येतं. त्यातले प्रकाशकण आणि विश्वातलं द्रव्य यांचा ताळा मांडला, तर असं दिसतं की दर अब्ज प्रतिकणांमागे कण होते एक अब्ज आणि वर साधारण एक. अब्जांच्या जोड्या जळून गेल्या. तो वरचा एक उरला, आणि सगळे तारे, सगळ्या आकाशगंगा, तुम्ही आणि मी त्याच शिलकीतून घडलो.

कुणी म्हणेल, दूर कुठंतरी प्रतिद्रव्याच्याही आकाशगंगा असतील. शंका रास्त आहे. पण मग दोन प्रदेशांच्या सीमेवर गॅमा किरणांचा कल्लोळ दिसला असता. तो दिसत नाही.

म्हणजे निसर्गानं कुठंतरी पक्षपात केला. त्याचा पहिला पुरावा 1964 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या त्वरकावर मिळाला. जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांचे सहकारी केऑन नावाच्या कणांचा क्षय, म्हणजे ते फुटून त्यांचे दुसरे कण होणं, तपासत होते. कण आणि प्रतिकण यांचे नियम एकमेकांचं तंतोतंत प्रतिबिंब असतील, तर दीर्घायुषी केऑनचा क्षय पायॉन नावाच्या दोन कणांमध्ये होताच कामा नये. तो होत होता. साधारण पाचशेतून एकदा. एवढ्याशा अपवादानं भौतिकीतल्या एका लाडक्या समजुतीला तडा गेला.

1973 मध्ये माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण ज्यांचे बनतात, ते क्वार्क किमान सहा प्रकारचे असतील, तर हा पक्षपात सिद्धांतात आपोआप बसतो. तेव्हा पुरावे होते जेमतेम तीन क्वार्कांचे! धाडसच म्हणायचं. उरलेले तीन पुढे त्वरकांवर एकेक करून सापडले. सहावा, टॉप क्वार्क, 1995 मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत. मग 2001 मध्ये जपान आणि कॅलिफोर्निया इथल्या प्रयोगांनी बी-मेसॉनांमध्येही, म्हणजे केऑनसारख्याच क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीच्या कणांमध्येही, असाच पक्षपात मोजला.

आणि आता जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या त्वरकाची ती प्रसिद्ध कडी. घेर 27 किलोमीटर, जमिनीखाली सुमारे 100 मीटर, आणि प्रोटॉन सेकंदाला 11 हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. तिथल्या एलएचसीबी या प्रयोगानं 2025 मध्ये महत्त्वाची बातमी दिली. तोवर हा पक्षपात दिसला होता तो मेसॉनांमध्ये. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या कुळातले, त्या तीन क्वार्कांच्या बेरिऑनांमध्ये तो खात्रीनं सापडत नव्हता. या वेळी सापडला. बॉटम क्वार्क असलेल्या एका बेरिऑनच्या आणि त्याच्या प्रतिकणाच्या क्षयांत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक निघाला. आपण ज्या द्रव्याचे बनलोय, त्याच्या भाऊबंदांत मिळालेला पुरावा आहे हा.

मग कोडं सुटलं? नाही. मला खरं नवल वाटतं ते इथं. आतापर्यंत मोजलेला हा सगळा पक्षपात एकत्र केला, तरी अब्जात एक एवढी शिल्लकही त्यातून निघत नाही. कितीतरी पटींनी कमी पडते. म्हणजे आपल्या सिद्धांतात काहीतरी राहून गेलंय.

सर्नमध्येच एक उलटं यंत्र आहे. ते प्रतिप्रोटॉनांचा वेग वाढवत नाही, कमी करतं. पुढे आणखी मंद आणि थंड करून त्यांची पॉझिट्रॉनांशी गाठ घालतात आणि प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकीय सापळ्यात धरून ठेवतात. इथलं बळ तरी केवढं? सर्ननं आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र केलं, तरी एक दिवा काही मिनिटंच पेटेल. तरी 2023 मध्ये अल्फा या प्रयोगानं दाखवलं की हे अणू वर जात नाहीत, साध्या अणूंसारखे खालीच पडतात. त्यांच्या प्रकाशाचा वर्णपटही हायड्रोजनच्या वर्णपटाशी जुळतो. इथं अजून एकही फट दिसलेली नाही.

त्यामुळे आता बऱ्याच जणांची नजर न्यूट्रिनोंवर, म्हणजे विद्युतभार नसलेल्या अतिशय हलक्या कणांवर आहे. जपानमधल्या तोकाई इथला त्वरक न्यूट्रिनोंचा झोत जमिनीतून 295 किलोमीटरवरच्या कामिओका इथल्या शोधकाकडे, म्हणजे हे कण टिपणाऱ्या यंत्राकडे पाठवतो. काही चुंबकांतल्या विजेची दिशा उलटवली की झोत प्रतिन्यूट्रिनोंचा होतो. वाटेत दोघंही रूप पालटतात, एका प्रकारचे दुसऱ्या प्रकारचे होतात, पण सारख्याच प्रमाणात पालटतात का? आतापर्यंतचे संकेत ‘नाही’कडे झुकतात. खात्री म्हणावी अशी स्थिती अजून आलेली नाही. त्यासाठी जपानमध्ये याहून मोठा शोधक उभारला जातोय, अमेरिकेत 1300 किलोमीटर अंतराचा नवा प्रयोग होतोय.

आणि समजा, तो फरक पक्का ठरला. तरीही खटला परिस्थितिजन्य पुराव्यावरच चालेल. कारण एका मान्यवर तर्कानुसार खरा पक्षपात केला तो न्यूट्रिनोंच्या अतिशय जड भावंडांनी, विश्वाच्या अगदी आरंभी. त्यातल्या बऱ्याच गणितांत ही भावंडं इतकी जड निघतात, की ती घडवण्याइतकी ऊर्जा 27 किलोमीटरच्या कडीतच काय, आज कागदावर असलेल्या कुठल्याही त्वरकात मिळणार नाही.

नमस्कार.