आयर्लंडचे खेळाडू आणि जगाची दाद

मित्रहो, आयर्लंडचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू कोण, असे विचारले आणि ज्याचे नाव सर्वाधिक लोकांनी ऐकले आहे तो, एवढाच निकष लावला, तर कॉनर मॅकग्रेगरचे नाव टाळता येत नाही. डब्लिनमध्ये नळकामाची उमेदवारी केलेल्या या तरुणाने डिसेंबर 2015 मध्ये लास वेगास येथे, दहा वर्षे अपराजित असलेल्या जोझे आल्दोला अवघ्या 13 सेकंदांत लोळवले, आणि पुढच्याच वर्षी यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या दोन वजनी गटांची विजेतेपदे एकाच वेळी मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. परंतु 2024 मध्ये डब्लिनच्या उच्च न्यायालयातील एका दिवाणी दाव्यात ज्यूरीने एका स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला जबाबदार धरले. कीर्तीचा हिशेब मांडताना ही गोष्ट वगळणे मला मान्य नाही.

त्याच्या बरोबरीने नाव घ्यावे लागते ते गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयचे. चार मोठ्या स्पर्धांपैकी मास्टर्सने त्याला वर्षानुवर्षे हुलकावणी दिली होती. एप्रिल 2025 मध्ये तीही त्याने जिंकली आणि चारही स्पर्धा जिंकणारा तो इतिहासातला सहावा पुरुष ठरला. तो उत्तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा. तरीही ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून खेळला. रग्बी, क्रिकेट आणि मुष्टियुद्धात सबंध बेटाचा एकच संघ उतरतो, फुटबॉलमध्ये मात्र दोन. बेलफास्टच्या जॉर्ज बेस्टला त्याची किंमत मोजावी लागली, असे मी मानतो. 1968 मध्ये मँचेस्टर युनायटेडला युरोपियन चषक मिळवून देणारा आणि त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला हा माणूस विश्वचषकात एकदाही खेळू शकला नाही.

आपल्याकडे, जिथे क्रिकेटवाचून पान हलत नाही, तिथे सर्वाधिक परिचित आयरिश माणूस ऑयन मॉर्गन हाच असणार, आणि तो आयरिश आहे हे कित्येकांच्या गावीही नसेल. 2019 चा विश्वचषक इंग्लंडला जिंकून देणारा हा कर्णधार जन्माने डब्लिनचा. 2007 चा विश्वचषक तो आयर्लंडकडूनच खेळला होता. आयर्लंडला कसोटी दर्जा मिळाला तो 2017 मध्ये, त्यामुळे तोपर्यंत कसोटी खेळण्याची आकांक्षा असलेल्या आयरिश फलंदाजाला इंग्लंडचा रस्ता धरावा लागे. मॉर्गनने लहानपणी हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळला होता, आणि त्याच्या रिव्हर्स स्वीपमागची मनगटाची सफाई जाणकार त्या खेळाशी जोडतात.

मायदेशात राहून आयर्लंडसाठीच खेळलेल्या केव्हिन ओब्रायनला जगाने ओळखले ते एका रात्रीत. 2 मार्च 2011 रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर इंग्लंडच्या 327 धावांचा पाठलाग करताना आयर्लंडचे पाच गडी 111 धावांत तंबूत परतले होते. कर्करोगाशी संबंधित मदतनिधीसाठी केस गुलाबी रंगवून मैदानात उतरलेल्या ओब्रायनने तिथून 50 चेंडूंत शतक ठोकले, जे तेव्हा विश्वचषकातले सर्वांत जलद शतक होते, आणि पाच चेंडू राखून सामना जिंकला गेला.

हर्लिंगचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे थांबतो, कारण खुद्द आयर्लंडमध्ये थोर खेळाडू कोण असे विचारल्यास वर घेतलेल्या नावांआधी किल्केनीच्या हेन्री शेफ्लिनचे नाव निघण्याची शक्यता मोठी आहे. ॲश वृक्षाच्या लाकडाच्या काठीने हवेतल्या हवेत चेंडू टोलवण्याचा हा अतिवेगवान खेळ. त्यातली अखिल आयर्लंड पदके शेफ्लिनने दहा वेळा मिळवली. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या या खेळाडूंना खेळाचे वेतन मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ते आपापल्या नोकरीवर रुजू होतात. हर्लिंगसारख्या आयरिश खेळांचा कारभार पाहणाऱ्या, 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने क्रिकेट, फुटबॉल आणि रग्बी हे ब्रिटिश राज्यकर्त्यांचे खेळ मानून सभासदांना ते खेळण्यास आणि पाहण्यासही दीर्घकाळ मज्जाव केला होता. फुटबॉलच्या सामन्याला हजर राहिल्याबद्दल 1938 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांनाही संघटनेच्या आश्रयदातेपदावरून दूर करण्यात आले. ही बंदी 1971 मध्ये उठली. जगाला जे खेळ ठाऊकच नाहीत, त्यांतच देशाची उत्तम गुणवत्ता इतकी वर्षे गुंतलेली होती.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर कीर्ती आणि योग्यता यांचा सर्वांत चांगला मेळ केटी टेलरच्या ठायी आहे. विक्लो परगण्यातल्या ब्रे गावच्या या मुलीने मुष्टियुद्धाला सुरुवात केली, तेव्हा आयर्लंडमध्ये मुलींच्या अधिकृत लढतीच होत नव्हत्या. पहिली झाली ती 2001 मध्ये, आणि पंधरा वर्षांची केटी त्यात लढली. हौशी गटात तिने सलग पाच जागतिक विजेतेपदे मिळवली. ऑलिंपिकने स्त्रियांना या खेळाचे दार उघडले ते 2012 मध्ये लंडनला. तिथल्या अंतिम लढतीत दुसऱ्या फेरीअखेर ती एका गुणाने मागे होती, पण शेवटी 10-8 ने सुवर्णपदक तिचेच झाले. 30 एप्रिल 2022 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्त्रियांची लढत पहिल्यांदाच रात्रीची मुख्य लढत म्हणून ठेवली गेली, तीही टेलर आणि अमांडा सेरानो यांची. पाचव्या फेरीत सेरानोच्या ठोशांनी टेलर अक्षरशः हेलपाटली. परंतु पुढच्या फेऱ्यांत तिने पाय पुन्हा चपळ केले, आत शिरून दोन-तीन ठोसे देत ती अंतर राखू लागली, आणि पंचांच्या विभागलेल्या कौलाने जिंकली. या दोघी 2024 मध्ये टेक्ससला आणि जुलै 2025 मध्ये पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भिडल्या. दोन्ही वेळा टेलरच जिंकली, आणि या तिसऱ्या लढतीच्या रात्री त्या रिंगणातल्या सगळ्याच लढती स्त्रियांच्या होत्या.